कालकथित की कालकथति?

वाचकहो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. विरार गाडीतून अंग चेपून घेऊन आम्ही नुकतेच घरी टेकलो होतो. सौ.ने ताट वाढायला घेतले, तोच दारात आमच्या मंडळाचा एक तरुण कार्यकर्ता उभा. त्याच्या मातोश्री चार दिवसांपूर्वी गेल्या होत्या. रविवारी जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. “दादा, पत्रिका करायची आहे. मजकूर तुमच्या मोबाइलवर टाकलाय. उद्या दुपारी हातात मिळाली तर गावाकडच्या माणसांबरोबर पाठवता येईल.”

मंडळाची पत्रके, निवेदने, निमंत्रणे करण्याचे काम पंचवीस वर्षांपासून आमच्याच गळ्यात आहे. बी.कॉम. होऊन नोकरीसाठी चपला झिजवीत असताना आम्ही तीन महिन्यांचा डीटीपीचा क्लास केला होता. नोकरी लागली ती खर्डेघाशीची. पण पेजमेकर शिकलेला माणूस म्हणून मंडळाने आम्हाला जे धरले ते आजतागायत सोडलेले नाही.

मजकूर लहानच होता. कालकथित अमुक अमुक, जन्म, निर्वाण दिन, स्थळ, वेळ, खाली कुटुंबियांची नावे. आमच्या जुन्या संगणकावर तो मोबाइलवरून आणून चिकटवला, तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरल्या. हे आम्हाला ठाऊक होते. जुन्या मशीनला नवी मराठी कळत नाही. पुन्हा सगळे टाइप करण्याचे त्राण अंगात नव्हते. आमची कन्या उपयोजित कलेचे शिक्षण घेते. तिच्या लॅपटॉपवर चित्रे, जाहिराती, पोस्टर करण्याचे एक नामांकित सॉफ्टवेअर आहे. ते विकत मिळत नाही, घरासारखे दरमहा भाडे भरून वापरावे लागते. ती म्हणाली, “पप्पा, द्या इकडे, दहा मिनिटांत करते.” आणि खरोखरच दहा मिनिटांत बोधिवृक्षाच्या पानाची सुंदर किनार असलेली पत्रिका तयार झाली. आम्ही तारीख पाहिली, वेळ पाहिली, विहाराचा पत्ता पाहिला, आणि झोपी गेलो. सकाळी छापणाऱ्याकडे फाइल गेली. तीनशे प्रती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाने गठ्ठा उघडला. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत छापले होते: ‘कालकथति’. त्याखाली त्याच्या आईचे नाव. त्या नावातले जोडाक्षर फुटून अर्ध्या अक्षराचा पाय मोडलेला, आणि आडनावातली ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेली. ‘विहार’ मधली वेलांटी ‘व’ला सोडून ‘ह’कडे गेलेली. ‘बुद्ध’ या शब्दाची तीच गत.

आम्हाला फोन आला तेव्हा आम्ही ऑफिसात होतो. रागावेल, बोलेल, असे वाटले. तो शांतपणे म्हणाला, “असू द्या दादा. आईच्या नावाला सवयच आहे.”

वाचकहो, त्या एका वाक्याने आमचे त्या दिवशी कामात लक्ष लागले नाही. कारण आम्हाला त्या माउलीची हकीकत माहीत होती. आयुष्यभर झाडलोट करून तिने तीन मुले शिकविली. तिचे नाव रेशनकार्डावर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरे, आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरेच. ‘सदर तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र आम्हीच तिला दोनदा करून दिले होते. आपल्या हाताने, आपल्या माणसांनी तिचे नाव छापण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तेही आम्ही बिघडवले. सॉफ्टवेअरला शिव्या देणे सोपे आहे, परंतु प्रूफ नीट न वाचण्याचा दोष आमचा. ज्याने पंचवीस वर्षे मुद्रितशोधन केले त्याने एवढी ठळक चूक पाहू नये, याला काय म्हणावे?

मात्र दोष कबूल केल्यावरही एक प्रश्न उरलाच. त्याच मुलाच्या साध्या मोबाइलवर ‘कालकथित’ बरोबर उमटतो, ‘बुद्ध’ बरोबर उमटतो. मग हजारो रुपये भाड्याच्या सॉफ्टवेअरला ते का जमू नये? आम्ही हिशेबाचे विद्यार्थी. ताळा लागेपर्यंत आम्हाला चैन पडत नाही. म्हणून या प्रश्नाचा छडा लावला, तो येथे मांडत आहोत. मंडळामंडळांत आमच्यासारखा एक डीटीपीवाला अडकलेला असतोच, त्याच्या उपयोगी पडेल.

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे असत. जुळारी ‘द्ध’चा खिळा खणातून उचलून गॅलीत बसवी. खिळा नसेल तर ‘द’चा पाय मोडून काम भागवावे लागे, पण काय छापले जात आहे ते जुळाऱ्याच्या हाताला कळत असे. संगणक आला आणि खिळे गेले. ऑल्डस कंपनीने १९८५ साली मॅकिंटॉश संगणकासाठी पेजमेकर काढले, १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेले. हे सारे रोमन लिपीसाठी. त्यात मराठी कशी घुसवायची? आपल्याकडच्या हुशार मंडळींनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार नेऊन बसवला. म्हणजे संगणकाला वाटते, हा मनुष्य इंग्रजी लिहितो आहे. कागदावर उमटते मराठी. आमच्या भाषेत सांगायचे तर खतावणीत रक्कम एकाच्या नावावर जमा आणि पैसा दुसऱ्याचा. जोवर दोघांचे पटते तोवर व्यवहार चालतो. फॉन्ट गेला की उरतात फक्त इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी. श्रीलिपीत टाइप केलेले आकृतीत उघडत नाही, आकृतीतले कृतिदेवमध्ये उघडत नाही.

मराठीने रोमन घरात पोटभाडेकरू म्हणून राहण्याची ही काही पहिली वेळ नव्हे, हे आम्हाला वसईच्या एका ख्रिस्ती मित्राने सांगितले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छापील अक्षरे रोमन. देवनागरीचे खिळे तेव्हा कोणाकडे होते?

ही युक्ती चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यामुळेच नव्वदच्या दशकात गल्लीबोळांत डीटीपीची दुकाने निघाली आणि आपल्या चळवळीची पत्रके, अनियतकालिके स्वस्तात निघू लागली. एक विलक्षण गोष्ट मात्र ध्यानात घ्या. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते इंग्रजीच असल्यामुळे ही खोटी मराठी कोणत्याही सॉफ्टवेअरात बिनतक्रार चालते. पाय मोडत नाही, वेलांटी हलत नाही. म्हणून तर आजही नालासोपाऱ्यातला वा वसईतला जुना ऑपरेटर तुमचा मोबाइलवरचा मजकूर पाहून तोंड वाकडे करतो आणि सगळे नव्याने टाइप करतो. आम्ही त्याला मागासलेला समजत होतो. आता समजत नाही.

खरी मराठी म्हणजे युनिकोड. पुण्याची सी-डॅक व भारत सरकार यांनी आधी इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण आणले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, तीत देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये ती सर्वसामान्यांच्या संगणकावर आली. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट आपले मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला. युनिकोडमध्ये ‘थ’ हा ‘थ’च असतो, कोणा इंग्रजी अक्षराचा मुखवटा नसतो. परंतु अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘थि’ म्हणजे आधी थ, मग वेलांटी. दाखवताना ती वेलांटी उचलून ‘थ’च्या आधी नेऊन ठेवायची, ‘द’, हलन्त आणि ‘ध’ यांची मोट बांधून ‘द्ध’ करायचा, हे काम दाखवणाऱ्याचे. ते न करता अक्षरे आली तशी ओळीत उभी केली, तर थच्या पाठोपाठ आलेली वेलांटी पुढच्या ‘त’वर जाते. ‘कालकथित’चे ‘कालकथति’ होते. आमचा ताळा येथे लागला.

मोबाइल आणि विंडोज हे काम स्वतः करतात. परंतु पानमांडणीची मोठी सॉफ्टवेअरे अक्षरे मांडण्याच्या कामात संगणकावर विसंबत नाहीत, स्वतःची यंत्रणा बाळगतात. आणि ती यंत्रणा मुळात रोमन अक्षरांसाठी घडवलेली. घरात पाणी आहे, पण नळ शेजाऱ्याच्या मापाचा. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. तिला युनिकोड कधीच आले नाही. पुढे अडोबीने अरबी, हिब्रू व भारतीय लिप्यांसाठी वेगळी यंत्रणा तयार केली. २०१२ च्या सीएस६ पासून ती इनडिझाइन, फोटोशॉप यांत मराठीसाठी वापरता येऊ लागली. म्हणजे विंडोजमध्ये मराठी आल्यानंतर बारा वर्षांनी. आणि आली ती कशी? मागच्या दाराने. आपण होऊन ती चालू होईलच याची खात्री नाही. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पट्टीतून ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत सेटिंगमधल्या ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी’ निवडावे लागे. इलस्ट्रेटरमध्ये आधी ‘इंडिक’ पर्याय दिसू द्या असे सांगावे लागते, मग तो पर्याय निवडायचा. कात्रण काढून ठेवा, डीटीपीवाल्याला दाखवा.

कोरलड्रॉचा प्रकार निराळा. आपल्या भागातला छापणारा कोरलची फाइल मागतो, दुसरी घेताना कुरकुरतो. आमच्या भाच्याने बंगळुरूहून एक वापरलेला मॅक पाठवला होता. संगणक उत्तम, पण मॅकसाठी कोरल २००२ च्या अकराव्या आवृत्तीनंतर थांबले ते थेट २०१९ मध्ये परत आले. मधली सतरा-अठरा वर्षे चित्रकारांचा संगणक एक भाषा बोलत होता आणि गल्लीतला छापणारा दुसरी. त्या मॅकवर सध्या आमचे चिरंजीव अभ्यासाचे व्हिडिओ बघतात, असे ते सांगतात.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील की हा तंत्राचा विषय झाला, समाजाचा काय संबंध? दोन उदाहरणे देतो. मराठीत ‘र’ची दोन रूपे आहेत. ‘दर्या’ म्हणजे अर्नाळ्याचा समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ मानधन द्यायचे आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलणारे जे प्रोग्राम आहेत, त्यांतल्या कित्येकांना हा फरक कळत नाही. ‘कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या’ मागण्यांचे आमचे निवेदन ‘कर्मचार्यांच्या’ म्हणून गेले होते. वाचणारा हसला असेल, आणि ज्याला हसू आले त्याने मागण्या किती गंभीरपणे वाचल्या असतील?

दुसरे उदाहरण अधिक कडू. चंद्र असलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टना तो माहीत नाही. एका पीडित कुटुंबासाठी केलेल्या निवेदनात ‘ॲट्रॉसिटी’ या शब्दातले पहिले अक्षर उडून तेथे रिकामा चौकोन आला. सुदैवाने सह्या घेताना एका भगिनीच्या लक्षात आले आणि आम्ही शंभर प्रतींवर पेनाने ‘ॲ’ काढला. तेव्हापासून आम्ही तो शब्द टाळतो आणि १९८९ च्या अधिनियमाचे ‘अत्याचार प्रतिबंध’ असे पूर्ण नाव लिहितो. ते अधिक बरोबरही आहे. पण यंत्राच्या भीतीने शब्द बदलावा लागला, हे मनाला लागतेच.

शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर ‘ल’ दांड्याचा येतो. शुद्धलेखनाच्या बाबतीत आपल्या मुलांना आधीच कमी टोमणे ऐकावे लागत नाहीत. त्यात यंत्राने केलेल्या चुकाही आपल्याच खात्यावर पडतात. पत्रक चुकले तर कोणी सॉफ्टवेअरला हसत नाही, ‘यांना लिहिता येत नाही’ असेच म्हणतात. हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

आता त्या पत्रिकेचे काय झाले ते सांगतो. त्या रात्री घरी आल्यावर आम्ही आणि कन्या पुन्हा बसलो. तिने वर्गातल्या मैत्रिणींना विचारले. एकीला ते सेटिंग माहीत होते, आणि दुसरीने सांगितले की ती मराठी शब्द दुसरीकडे लिहून त्याचे चित्र काढून चिकटवते, कारण वर्गात कोणी हे शिकवलेच नव्हते. साडेअकराला पर्याय सापडला. तो निवडताच पडद्यावरची वेलांटी टुणकन आपल्या जागी गेली आणि जोडाक्षराचे दोन तुकडे एक झाले. सौ. झोपेतून उठून पाहायला आली. मग मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला, तो मोफत आहे. सकाळी नव्याने तीनशे प्रती काढल्या, आमच्या खर्चाने. या वेळी अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रे करून फाइल दिली, जेणेकरून छापणाऱ्याकडे पुन्हा काही हलू नये. आणि या वेळी आम्ही प्रत्येक शब्द बोट ठेवून मोठ्याने वाचला.

पैसे नसलेल्या मंडळांसाठी आणखी एक. चित्रे व पत्रके करण्यासाठी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठी जोडाक्षरे नीट येतात. पुस्तकासारखे काम असेल तर स्क्रायबस. त्याच्या २०१७ च्या १.५.३ आवृत्तीपासून भारतीय लिप्यांची सोय झाली. सफाई थोडी कमी आहे. पण दरमहा भाडे नाही, आणि कोणाचे चोरूनही वापरावे लागत नाही.

यानिमित्ताने एक मोठे दुःख वर आले. आमच्या मंडळाच्या जयंती स्मरणिका २००१ पासून निघतात. विहारासाठी कोणी किती विटा दिल्या, कोणत्या महिलांनी भिशीतले पैसे दिले, गाव सोडून इकडे आलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणी, सगळे त्यांत आहे. त्या साऱ्या फाइली सीडीवर जपून ठेवल्या होत्या. काढून पाहिल्या. काही सीडी वाचल्या गेल्या नाहीत. काही वाचल्या गेल्या, तर त्या पेजमेकरच्या. इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या सीएस६ पर्यंत त्या उघडत. नव्या आवृत्त्यांतून ती सोयही गेली. आमच्या जुन्या संगणकावर त्या उघडतात, पण तेथल्या मराठी फॉन्टला मागे जोडायचे कुलूप लागते, आणि ते कुलूप गेल्या वर्षी बंद पडले. आता पडद्यावर विहाराच्या देणगीदारांची यादी म्हणून जे दिसते, ती कोणाला वाचता येणार नाही.

आमच्या नालासोपाऱ्यात, जुन्या शूर्पारकात, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, त्याच साली आठव्या लेखाचा हा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा भुईगावला १९५६ मध्ये मिळाला. त्या सालाचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगायला नको. आठवा लेख धम्मयात्रेविषयी आहे. बावीसशे वर्षांपूर्वीचा तो दगड मुंबईच्या संग्रहालयात आजही वाचता येतो. आमची २००१ ची सीडी पंचवीस वर्षेही टिकली नाही. बाबासाहेबांचे ३१ जानेवारी १९२० चे ‘मूकनायक’ आपल्याला वाचायला मिळते, कारण ते कागदावर छापले गेले आणि कोणी तरी ते कागद जपून ठेवले.

म्हणून मंडळाने ठरवले आहे की स्मरणिकांच्या छापील प्रती गोळा करून सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचा. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास विहारात बसतो. सध्या नऊजण आहेत. त्यात दोन दहावीच्या मुली आहेत, त्यांचा टायपिंगचा वेग पाहून आम्ही आपला हात मागे घेतला आणि मुद्रितशोधनाकडे वळलो. तो तरुणही येतो. त्याच्या आईचे नाव २००४ च्या अंकात श्रमदान केलेल्या महिलांच्या यादीत सापडले, सतराव्या क्रमांकावर. तेथेही चुकलेले होते. मुलींनी विचारले, मूळ आहे तसे ठेवायचे की बरोबर करायचे? बरीच चर्चा झाली. शेवटी बरोबर केले, आणि जुने रूप तळटीपेत दिले.

२००३ च्या अंकाची १७ ते २४ ही पाने आमच्या प्रतीतून गळालेली आहेत. ज्यांच्या घरी तो अंक असेल, माळ्यावर, पेटीत, फोटोच्या मागे, त्यांनी कृपया कोणत्याही रविवारी घेऊन यावा. अंक ठेवून घेणार नाही, फोटो काढून तेथल्या तेथे परत देऊ.